माझी मुलगा आली

घाऱ्याचे वडील जहाजावर काम करत करत परक्या देशातून आले, एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागले आणि समोरच्या इमारतीतल्या मुलीशी लग्न करून इथलेच झाले. भाषा मात्र त्यांना पुरती वश झाली नाही. शब्द सगळे यायचे, पण कोण तो, कोण ती आणि कोण ते, हा घोळ काही सुटला नाही. "माझा बायको रागावला," असं ते म्हणाले की आई खरोखर रागावलेली असली तरी फिस्सकन हसायची.

मुलाने आईचा सावळा रंग घेतला आणि बापाचे घारे डोळे. शाळेत त्यावरून 'घाऱ्या' हे नाव पडलं, मारामाऱ्या झाल्या. पुढे त्याच डोळ्यांनी नशीब काढलं. एका फोटोग्राफरने त्याला शर्टांच्या जाहिरातीसाठी उभं केलं आणि गावभर त्याचे फलक लागले. काही वर्षं मॉडेलिंग जोरात चाललं, पण सिनेमात घोडं अडलं. नायकाच्या भूमिकेला तो परका वाटायचा आणि परक्याच्या भूमिकेला आपल्यातलाच. दोन सिनेमे आले कधी नि गेले कधी, कळलंही नाही.

तिसऱ्यात त्याला एका भोळसट परदेशी माणसाचं काम मिळालं. त्या माणसाचा मुलगा घरी परत येतो तो प्रसंग होता आणि तो काही केल्या रंगेना.

"हिरो, लोकांनी पोट धरून हसायला पाहिजे," दिग्दर्शक वैतागून म्हणाला. "तू तर श्रद्धांजली वाहतोयस!"

घाऱ्या घामाघूम झाला. पुढच्या वेळी त्याने मान जराशी वाकडी केली, तळहात एकमेकांवर चोळले आणि तो ओरडला, "माझी मुलगा आली! बघा, माझी मुलगा आली!"

सेटवर हशा पिकला. कॅमेरावाल्याला कॅमेरा थांबवावा लागला.

"कुठून आणलंस रे हे?" दिग्दर्शकाने त्याला मिठीच मारली.

"सुचलं," घाऱ्या म्हणाला. त्याचे कान तापले, पण सगळे टाळ्या वाजवत होते.

सिनेमा तुफान चालला. आईबाबांना त्याने आधी काही सांगितलं नव्हतं. थिएटरात तो त्यांच्या शेजारी बसला आणि पडद्याऐवजी बाबांकडेच बघत राहिला. ते वाक्य आलं तसं थिएटर हसून कोसळलं. बाबांनी आजूबाजूच्यांची तोंडं पाहिली, आणि मग तेही हसले, जरा उशिरा. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाचा हात हातात घेतला.

"छान केली काम," ते म्हणाले. मग अडखळले. "केला... काम." आणि पुढे घरापर्यंत बोललेच नाहीत.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला.

"बाबा दुकानात तोंड उघडत नाहीत आता. गिऱ्हाइकं म्हणतात, काका, ते वाक्य म्हणून दाखवा ना. नुसते खुणा करतात, नंबर कागदावर लिहून देतात. तू झालास तेव्हा दवाखान्याच्या जिन्यावर भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले होते. लहानपणी तूच मला शंभरदा सांगायला लावायचास. विसरलास?"

तो विसरला नव्हता. तेच तर त्याला तोंड दाखवू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला दुकानात गेला. बाबा यंत्रावर काच धरून बसले होते. तो "बाबा, माझं चुकलं," एवढं म्हणतो न म्हणतो तोच दार उघडून एक जोडपं आत आलं.

"अय्या, हे तर तेच!" घाऱ्याला पाहून बाई ओरडली. नवऱ्याने मोबाइल काढला. "ते वाक्य एकदाच म्हणा ना! प्लीज!"

नाही म्हणायला हवं होतं. त्याने तोंड उघडलं, पण सवयीने त्याच्या चेहऱ्यावर फोटोतलं हसू आलं आणि शब्द काही फुटला नाही. ती दोघं मोबाइल धरून वाट बघत उभी. मुलाची ही त्रेधा बाबांनी पाहिली. यंत्र बंद करून ते उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोबाइलकडे बघत म्हणाले, "माझी मुलगा आली."

"अगदी डिट्टो!" नवरा खूश झाला. "काका, तुम्ही पण यांची नक्कल भारी करता!"

घाऱ्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेव्हाही तो बोलला नाही. जोडपं चष्मा घेऊन गेलं, बाबा पुन्हा यंत्राशी बसले.

सिनेमाच्या दुसऱ्या भागाला त्याने नकार दिला. दिग्दर्शकाने ते काम दुसऱ्या नटाला दिलं. त्याने घाऱ्याची हुबेहूब नक्कल केली, आणि लोक तितकेच हसले.

घाऱ्या आता दर रविवारी घरी जेवायला जातो. बाबा त्याच्यावर रागावलेले नाहीत. पूर्वीसारखेच ताटात वाढतात, तब्येतीची चौकशी करतात. परवा वारा सुटला तेव्हा ते काही सांगायला वळले आणि मध्येच थांबले.

"खिडकी," ते हळूच म्हणाले. "तो का ती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. आई ताटावरून मान वर करेना.

"ती," घाऱ्या म्हणाला, आणि उठून लावायला गेला.