खंडेनवमीची रायफल

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा जयेश हा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, असे त्याच्या पदवीवर लिहिलेले आहे. बहारीनमध्ये तो फायबरग्लासच्या बोटी बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत एस्टिमेटर होता. दुसऱ्यांनी करायच्या कामाला किती वेळ लागेल हे तो छातीठोकपणे सांगत असे, आणि तेवढ्यात ते काम कधीही होत नसे.

गेल्या वर्षी कंपनीचे मालक बू राशिद यांनी एस्टिमेटरची जागाच रद्द करायचे ठरवले. वर्कशॉप इन-चार्जची एक जागा रिकामी होती. ती मिळाली तर जयेशचा व्हिसा पुढे चालू राहणार होता. नाही तर डिसेंबरअखेर त्याला माझ्या बहिणीसह, निधीसह, कराडला परतावे लागले असते, आणि त्यांच्या मुलीचे, सावनीचे, दहावीचे वर्ष मध्येच तुटले असते. तेव्हा त्या जागेसाठी धडपडणे समजण्यासारखे होते. धडपडीचा मार्ग मात्र जयेशचाच होता.

बू राशिद दर हिवाळ्यात शिकारीसाठी कझाकस्तानला जातात. वडिलांची जुनी रायफल सोबत असते. ती हल्ली एका जागी मारत नाही, अशी तक्रार त्यांनी ऑफिसात चहा पिताना केली. जयेश ताबडतोब म्हणाला, "सर, बेडिंग गेलंय. मी घरी करून देतो." हे ज्ञान त्याने आदल्या आठवड्यात मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंतून मिळवले होते. बू राशिद भोळे नाहीत, पण वडिलांच्या वस्तूबाबत माणूस थोडा भोळा होतो. त्यांनी रायफलीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती चालत नाही, काढून स्वतःच्या तिजोरीत ठेवला आणि उरलेली रायफल जयेशच्या हवाली केली. परवाना त्यांच्या नावावर आणि रायफल झिंज भागातल्या एका मराठी कुटुंबाच्या हॉलमध्ये, या व्यवस्थेबद्दल कायदा काय म्हणतो, हे विचारण्याची गरज दोघांपैकी कोणालाच वाटली नाही.

काम कल्पनेला सोपे आहे. गोळी जिथे भरली जाते तो पोलादी भाग, ज्याला ॲक्शन म्हणतात, लाकडी कुंद्यातल्या खाचेत बसवलेला असतो. लाकूड कालांतराने आकसते, झिजते. मग प्रत्येक बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने पोलाद किंचित हलते आणि नेम बिघडतो. उपाय असा, की खाचेतले थोडे लाकूड कोरून काढायचे, तिथे घट्ट चिकटणारी इपॉक्सी भरायची आणि ॲक्शन त्यात दाबून ठेवायची. इपॉक्सी घट्ट झाली की पोलादाचा हुबेहूब साचा तयार होतो. मात्र पोलादावर आधी मेणाचा पातळ थर हवा. इपॉक्सीला पोलाद आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. ती दोघांनाही सारखीच धरते.

मी बहारीनमध्येच पॉलिमर केमिस्ट आहे. त्यामुळे जयेशने मला फोन केला.

"मेधाताई, कुठली इपॉक्सी घेऊ?"

"कुठलीही घ्या, जयेशराव. फक्त मेण विसरू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

"ताई, मी इंजिनिअर आहे."

"म्हणूनच सांगतेय."

खंडेनवमीच्या संध्याकाळी लॅबमधून घरी आल्यावर मी मोबाइल उघडला. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक फोटो झळकत होता. पाटावर लाल खण, त्यावर कुंद्यातून सुटी केलेली रायफल, नळीवर हळदीकुंकवाची बोटे, झेंडूची फुले. आणि बाजूला सोवळे नेसलेला जयेश, एका हातात पांढरे फडके घेऊन, कॅमेऱ्याकडे असा पाहत होता जणू अफझलखान खालीच पार्किंगमध्ये थांबला आहे. खाली शेकडो शब्दांचे कौतुक. 'जयेशभाऊ, वाघ आहात!' 'आपली संस्कृती आखातातही जिवंत आहे.' एवढ्या सुशिक्षित लोकांपैकी एकानेही ही कोणाची रायफल, असा प्रश्न केला नव्हता.

मी फोटो मोठा करून पाहिला. पोलाद आरशासारखे चकाकत होते. मेण लावलेले पोलाद असे चकाकत नाही.

मी फोन लावला. "मेण कुठं आहे?"

"पुसलं ना. शस्त्र स्वच्छ करूनच पूजा करतात, ताई. आई म्हणत होती, राहू दे रे तेवढं. मी म्हटलं, नाही, करायचं तर नीट. थिनरनं लख्ख केली."

"आणि पूजेनंतर परत लावलंत?"

"पूजा झाल्या झाल्या बसवली. आजच्या दिवशी काम सुरू केलेलं चांगलं असतं."

"कधी?"

"सकाळी. मस्त घट्ट झालीय."

सकाळची इपॉक्सी संध्याकाळी घट्ट होणारच. त्याला दिवसाचे माहात्म्य लागत नाही, हार्डनर लागतो.

दसऱ्याला मी हीट गन घेऊन झिंजला गेले. बू राशिद संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, रायफल न्यायला येणार होते. दारात जयेशच्या आई, लक्ष्मीकाकू, उभ्या होत्या. त्या दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. "मेधा, ये गं. आधी श्रीखंड खा."

"काकू, आधी रायफल."

"अगं, चिकटलंय म्हणतो. निघेल ना? त्याची नोकरी आहे तिच्यावर."

सावनी सोफ्यावरून म्हणाली, "मावशी, इज बाबा गोइंग टू लूज द जॉब?" तिला कोणी उत्तर दिले नाही, म्हणून तिने पुन्हा कानांत इअरफोन घातले.

घरात सामान्य तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी पुरेशी तापवली की मऊ पडते. मी पोलाद सावकाश तापवत राहिले. निधीने ओल्या टॉवेलात कुंदा धरला. जयेश मागे उभा राहून सूचना देत होता.

"ताई, जरा लाकडाकडून हीट द्या."

"लाकूड जळेल."

"मी व्हिडिओत पाहिलं..."

"अहो, तुम्ही जरा खलास करा ना ते व्हिडिओ!" निधी म्हणाली.

अखेरीस खालच्या स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू घालून मी रबरी हातोडीने ठोकले. ॲक्शन वर आली. तिच्यासोबत खाचेच्या डाव्या भिंतीचा बोटभर लांब अक्रोडी लाकडाचा तुकडाही आला. मी तो टेबलावर ठेवला. दुरुस्त होण्यासारखा होता, लपवण्यासारखा नव्हता.

"निघाली!" जयेश आनंदाने म्हणाला. "बघितलंस आई? पूजेचं बळ!"

मी हीट गनची वायर गुंडाळू लागले. काही वाक्यांना उत्तर देणे हा त्यांचा सन्मान असतो.

बू राशिद आले. पांढरा पायघोळ थोब, हातात तसबीहची जपमाळ, बोलणे आखाती हिंदी. त्यांनी आधी काकूंना सलाम केला, चहा घेतला, मग टेबलाकडे पाहिले. फाटलेल्या लाकडावरून त्यांनी अंगठा फिरवला. वडिलांचा हात त्या लाकडावर कुठे पडत असे, ते त्यांना ठाऊक असावे.

"जयेश. ये क्या हुआ?"

इथे जयेशला तीन शब्द पुरले असते: सर, माझी चूक. चुकीच्या एस्टिमेटची सवय असलेल्या माणसाने या शब्दांचीही किंमत चुकीची लावली.

"सर, मैंने वॅक्स लगाया था. प्रॉपर. लेकिन मदर को मालूम नहीं था. पूजा के लिए उन्होंने साफ कर दिया. ओल्ड लेडी है, सर."

निधीने मान खाली घातली. मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी ते मिटले. त्या खुर्चीतून उठल्या.

"हां साहेब. हमने किया. लडके की गलती नहीं."

बू राशिद त्यांच्याकडे वळले. आवाज मऊ होता. "मफी मुश्किल, कोई बात नहीं, अम्मा. किस से साफ किया?"

"पानी से," काकू ठामपणे म्हणाल्या. "मऊ फडके से. एकदम हलके हात से, कुछ खरोंच नहीं आने दिया."

बू राशिद तीस वर्षे बोटींच्या साच्यांना मेण लावत आणि साच्यांतून बोटी काढत आले आहेत. त्यांनी मान डोलावली. सुटे केलेले पोलाद उचलून त्यांनी नाकाशी नेले, मग खाली ठेवले. हीट गनने थिनरचा वास राहिला नव्हता. वासाची गरजही नव्हती.

"वॅक्स पानी से नहीं जाता, अम्मा," ते म्हणाले, आणि हे काकूंना सांगताना पाहत जयेशकडे होते.

जयेशने काहीतरी म्हणायला सुरुवात केली. बू राशिदनी हात वर केला. लाकडाचा तुकडा त्यांनी खिशातल्या रुमालात बांधला, रायफलीचे भाग केसमध्ये ठेवले. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"तुम्हारा पेपर डिसेंबर तक है. डिसेंबर तक आओ. वर्कशॉप मैं दूसरे को देगा." मग, काकूंना, "अम्मा, चाय बहुत अच्छा था."

दार बंद झाले. सावनीने इअरफोन काढले आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून परत घातले. निधी स्वयंपाकघरात गेली. भांडी गरजेपेक्षा मोठ्याने आपटू लागली.

काकू अजून उभ्याच होत्या. अपराधी चेहऱ्याने त्यांनी मुलाला विचारले, "माझं चुकलं का रे? काय म्हणायला हवं होतं मी?"

मला वाटले, आता तरी हा माणूस आईसमोर बसेल. तो बसलाही. पाठ ताठ करून, समजावण्याच्या स्वरात.

"थिनर, आई," जयेश म्हणाला. "थिनर म्हणायचं असतं."

काकूंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला.