घरचं मंगलाष्टक

“मुलगी रागावली म्हणजे काय करते?” शरच्चंद्र पोफळींनी विचारलं आणि पेनचं टोपण काढून वही गुडघ्यावर घेतली.

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. “बाप्पा! हे बी लिवता का काकाजी अष्टकात?”

“लिहीत नाही. पण मला माहीत पाहिजे.”

“रागावली का कोनासंगच बोलत नाई पोट्टी. चुपचाप वावरात जाते, मोटर चालू करते अन् संत्र्याले पानी देत बसते. जितकी रागावते तितका बगीचा हिरवा होते.”

“आई, काई बी सांगून राहिली तू!” आतून नवरीचा, म्हणजे रितिकाचा आवाज आला. “एकडाव केलं होतं मी तसं.”

“एकडाव? अवं, चार वर्सांत एक बी झाड वायलं नाई आपलं!”

शरच्चंद्रांनी हसत हसत सगळं उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात रितिकाचं लग्न होतं आणि तिच्यासाठी मंगलाष्टकं रचायला ते नागपूरहून एसटीने नरखेड तालुक्यातल्या या गावी आले होते. फोनवरून माहिती घेऊन लिहिणं त्यांना मंजूर नव्हतं. मुलीच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि तीन प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत. लहानपणी ती ताटाबाहेर काय काढून ठेवायची? रागावली की काय करते? घरात तिची बसायची जागा कोणती? बाकी शिक्षण, नोकरी, आत्या-मामांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली तरी चालत. आजकाल दोन मिनिटांत फोन अष्टकं करून देतो म्हणतात. पण रागावलेली मुलगी संत्र्यांना पाणी देते हे फोनला कोण सांगणार?

ते उठले तेव्हा कुसुमताईंनी संत्र्यांची पिशवी हातात दिली. “तुमच्या बी पोरीचं लगन हाय म्हने याच मयन्यात. तिचं त कवाच लिवून झालं असन.”

“होऊन राहिलं,” शरच्चंद्र म्हणाले.

ते खोटं होतं. लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि एक ओळसुद्धा झाली नव्हती.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्यांनी वही उघडली. रितिकाची अडीच पानं भरली होती. अशा सत्तावीस वह्या प्रतापनगरच्या घरी कपाटात होत्या. भूमी अभिलेख कार्यालयात लोकांच्या जमिनींचे उतारे लिहिता लिहिता बत्तीस वर्षं गेली, आणि गेल्या पंचवीस वर्षांचे रविवार दुसऱ्यांच्या मुली समजून घेण्यात. काटोलची एक मुलगी पाढे म्हणत पोळ्या लाटायची. कामठीतल्या एकीला मागाच्या खडखडाटाशिवाय झोपच यायची नाही. हे सगळं वृत्तात बसायचंच असं नाही, पण एखादी ओळ बसायची आणि मांडवात मुलीची आई रडायची. शरच्चंद्रांना त्या रडण्याचा अभिमान होता. नव्हता म्हटलं तर ते खोटंच झालं असतं.

गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिक मंडळाने ‘रोज काही लिहायचं तर सुचायचं कसं’ या विषयावर त्यांचं भाषण ठेवलं होतं. निवृत्तीनंतर कोऱ्या डायऱ्या घेऊन बसलेले आठ-दहा जण समोर होते. शरच्चंद्र म्हणाले होते, “सुचण्याची वाट बघाल तर डायरी कोरीच राहील. माणसाला विचारा. विचारलं की माणूस सांगतो, आणि सांगितलं की लिहावंच लागतं.” टाळ्या पडल्या. दोघातिघांनी वाक्य उतरवूनही घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, यापेक्षा त्या भाषणाला वेगळं नाव नाही.

कारण अस्मितासाठी बसले की हात चालायचा नाही.

अस्मिता एकुलती एक. वय एकोणतीस. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी. अक्षर अतिशय देखणं, त्यामुळे बारा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या अष्टकांची पक्की प्रत तीच काढत आली. वडिलांच्या अक्षराला घरात मुंग्यांची वरात म्हणत. तिने चारशेच्या वर लग्नांची अष्टकं आपल्या हाताने उतरवली होती आणि वडिलांची सगळी कसबं तिला पाठ होती. एकदा, कॉलेजात असताना, लिहिता लिहिता तिने विचारलं होतं, “बाबा, या मुलीत तुम्हाला काहीच सापडलं नाही ना?”

“कशावरून?”

“तुम्ही ‘गुणवती’ लिहिलंय. काही सापडलं नाही की तुम्ही ‘गुणवती’ लिहिता.”

लग्न ठरलं तेव्हा तिने एवढंच मागितलं होतं. साडी आईच्या पसंतीची, हॉल सासरच्यांच्या पसंतीचा, जेवणात काय ते मामा ठरवतील. “मंगलाष्टकं मात्र तुमची पाहिजेत बाबा. माझ्यावर. खरी.” आणि नंतर हसून म्हणाली होती, “मला ओळखता येतं हं.”

घरी आल्यावर बायकोने, यमुताईंनी, पाण्याचा पेला दिला आणि पिशवीतली संत्री टोपलीत ओतली. “झालं त्या मुलीचं?”

“होईल आज. भरपूर मिळालं.”

“आणि आपल्या मुलीचं?”

शरच्चंद्र हातपाय धुवायला गेले. जेवण झाल्यावर खुर्चीत बसून त्यांनी नवीन पान काढलं आणि वर ‘चि. सौ. कां. अस्मिता’ लिहिलं. खाली तीन प्रश्न ओळीने लिहिले. पहिल्यापुढे पेन थांबलं. दुसऱ्यापुढे थांबलं. तिसऱ्यापुढे त्यांनी ‘स्वतःची खोली’ लिहिलं आणि खोडलं. खोली तिला सहा वर्षांपूर्वी मिळाली. त्याआधी ती कुठे बसायची?

“अगं,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “अस्मिता लहानपणी ताटाबाहेर काय काढायची?”

भांड्यांचा आवाज बंद झाला. यमुताई हात पुसत दारात आल्या. नवऱ्याच्या गुडघ्यावरची वही, पेन आणि चष्मा त्यांनी नीट पाहून घेतला.

“मला विचारायला आलात का तुम्ही? पाहुण्यासारखे?”

“मदत मागून राहिलो मी तुझी. सांग ना.”

“नाही सांगणार. तीनशे पासष्ट दिवस एका ताटलीच्या अंतरावर जेवली ती तुमच्या. कामठीच्या मुलीला झोप कशाने येते ते तोंडपाठ आहे तुम्हाला, आणि घरच्या मुलीचं मी सांगू?” त्या परत आत वळल्या. “तिलाच विचारा. काहून नाही विचारत? ती काय गावाला गेली आहे?”

यमुताई फार बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणून ते लागलं.

त्यानंतरचे चार दिवस शरच्चंद्रांनी बिनविचारता लिहून पाहिलं. शार्दूलविक्रीडित त्यांच्या बोटांवर होतं, एकोणीस अक्षरं आपोआप रांगेत येऊन उभी राहत. पहिल्या कडव्यात चंद्र आला, दुसऱ्यात दोन्ही कुळं उजळली, तिसऱ्यात ‘गुणवती’ आलं. ते वृत्तात इतकं चपखल बसलं होतं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी कागद फाडला. रितिकाची आठही कडवी मात्र एका बैठकीत पूर्ण झाली आणि अस्मितानेच लॅबमधून आल्यावर त्यांची पक्की प्रत काढली. “रागाच्या पाण्यावर संत्री! काय सुंदर आहे हे बाबा,” ती म्हणाली. शरच्चंद्र पेपर वाचत असल्याचं दाखवत राहिले.

लग्नाच्या तीन दिवस आधी, रविवारी दुपारी, त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला, वही घेतली आणि अस्मिताच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. वही पाहून ती समजली. तिने खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची पुसली आणि म्हणाली, “बसा काका. चहा घेता ना?”

“थट्टा करू नकोस.”

“बरं. विचारा.”

“ताटाबाहेर काय काढायचीस?”

“काही नाही. सगळं खायचे मी. आवडत नसलं तरी. तुम्ही जेवताना वृत्त मोजत असायचे, भांडण नको वाटायचं.”

शरच्चंद्रांनी लिहिलं. “रागावलीस की काय करतेस?”

“दोन चौक आधी बसमधून उतरते आणि पायी येते. घर येईपर्यंत राग संपतो.” तिने साडीची घडी पुन्हा मोडून नीट घातली. “आठवड्यातून तीनदा तरी पायी येते मी, बाबा. तुम्ही विचारता, आज बस उशिरा आली का. मी हो म्हणते.”

“राग कुणाचा?”

“हा चौथा प्रश्न झाला.”

त्यांनी चष्मा सारखा केला. मग तिसरा विचारला. घरातली जागा.

“तुमच्या खुर्चीच्या मागे. खाली, भिंतीला टेकून. पक्की प्रत तिथेच बसून काढायचे ना. तुम्ही ओळ म्हणायचे, मी लिहायचे. तेवढा वेळ तुम्ही माझ्याशी बोलून राहिलात असं वाटायचं.” ती शांतपणे सांगत होती, लॅबमध्ये कुणाला रिपोर्ट समजावून द्यावा तसं. “तुमच्या कच्च्या वह्या मी सगळ्या वाचल्या आहेत. त्या मुलींचा फार हेवा वाटायचा मला. वाटायचं, आपण दुसऱ्या कुणाच्या घरी असतो तर बाबा एखाद्या रविवारी आले असते.”

शरच्चंद्रांचं पेन चाललं नाही. पंचवीस वर्षांत मुलाखतीत त्यांचं पेन पहिल्यांदा थांबलं.

“तू कधी बोलली नाहीस,” ते शेवटी म्हणाले.

“तुम्ही कधी आला नाहीत.”

बाहेरून यमुताईंनी चहा झाल्याची हाक दिली. अस्मिता उठून दोन कप घेऊन आली आणि दोघं चहा प्यायले. नंतर अंधारेपर्यंत ते तिथेच बसले होते. चौथा प्रश्न झाला, दहावा झाला. काही उत्तरं तिने दिली, काहींना नुसती मान हलवली. निघताना पान भरलं होतं की नाही हे त्यांनी पाहिलंच नाही.

मुहूर्त सकाळी अकरा बावन्नचा होता. हॉल गच्च. शरच्चंद्र पोफळींच्या मुलीचं लग्न म्हटल्यावर अष्टकं ऐकायलाच अर्धे लोक आले होते. ज्यांच्या मुलींची त्यांनी लिहिली होती ते सगळे, कुसुमताईसुद्धा नरखेडाकडून पहिल्या बसने. अंतरपाट धरला गेला. भटजींनी गणपतीचं कडवं म्हटलं, वरपक्षाच्या दोघीतिघींनी म्हटली, मामांनी घसा साफ करत एक म्हटलं. मग माइक शरच्चंद्रांच्या हातात आला आणि हॉल चिडीचूप झाला.

त्यांनी खिशातून चतकोर कागद काढला. त्यांच्याच अक्षरातला, मुंग्यांच्या वरातीचा. या वेळी पक्की प्रत काढायला त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

“आठ नाहीत,” ते माइकवर म्हणाले. “एकच झालं.”

कुसुमताई शेजारणीच्या कानाशी लागल्या, “सोताच्या पोरीले एकच? काहून वं?” शरच्चंद्रांनी सूर लावला.

“बापाने स्तविली किती परघरी जाऊनिया लेकरे,
खाली लेक बसून ती उतरवी मोत्यापरी अक्षरे,
त्याने ना कधि पाहिले वळुनही, आता मनी तो झुरे,
जाता लेक तिला म्हणे जनक तो –”

पुढे फक्त नेहमीचे शब्द होते. मांडवातल्या लहान मुलालाही येतात असे. ते शरच्चंद्रांच्या तोंडून निघेनात. त्यांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा घेतला. लोकांना वाटलं, काव्यातच विराम असेल. त्यांच्या मुठी अक्षतांसकट वर गेल्या आणि तशाच थांबल्या. भटजींनी शरच्चंद्रांकडे पाहिलं. यमुताई पुढे यायला निघाल्या आणि थबकल्या.

अंतरपाटाच्या अलीकडून अस्मिताने ओळ उचलली. “कुर्यात् सदा मंगलम्...” हार हातात धरून, मान खाली घालून, तिने ती त्याच सुरात, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत नेली. नवरी स्वतःच्याच लग्नात अष्टक म्हणते म्हटल्यावर कुणीतरी हसलं आणि मग सगळ्या हॉलमधून अक्षता पडल्या.

शरच्चंद्र माइक धरून उभेच होते. मुलीला गाता येतं, आणि इतकं चांगलं, हे त्यांना माहीत नव्हतं.