सावलीतला बंब

मित्रांनो, मी एक जुना सौर बंब आहे. बेंगळुरूच्या जयनगरात विठोजींच्या गच्चीवर माझी जागा आहे. काचेखाली काळा पत्रा, वर पाण्याची टाकी आणि खाली न्हाणीघरात उतरणारा नळ, एवढाच माझा देह. त्या नळातून पाणी खाली जाते आणि खालचे बोलणे वर येते.

विठोजी औष्णिक वीज केंद्रात इंजिनिअर होते. नोकरीभर त्यांनी कोळसा जळताना आणि राखेचे ढीग वाढताना पाहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्कूटर विकली, गिझर काढून टाकला आणि मला आणले.

"निदान माझ्या अंघोळीसाठी तरी कोळसा जळायला नको," ते म्हणाले.

"सरी, ठीक आहे," त्यांची पत्नी कौशल्याबाई हसल्या. "आणि आभाळ भरून आलं की?"

"त्या दिवशी गार पाणी."

"बघू हं, किती दिवस टिकतंय!"

ते टिकले. माझेही ते दिवस सुखाचे होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी इकडे अंघोळीचा हंडा घासून, सजवून भरून ठेवतात. आमच्या घरी हंड्याचा मान मला होता. कौशल्याबाई मला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत. शेजारच्या गच्चीवरून श्रीहरी ओरडे, "अण्णा, बंबाचं लग्न आहे काय?"

"हो, वऱ्हाडात या!" विठोजी म्हणत.

पुढे श्रीहरीच्या मुलींचे संसार वाढले. त्याने जुने घर पाडून चार मजले चढवले आणि वर नवे सौर बंब बसवले. "अण्णा, तुमचंच बघून घेतले," म्हणत तो म्हैसूरपाक देऊन गेला. विठोजींनी त्याची पाठ थोपटली. पण त्याची भिंत माझ्या दक्षिणेला होती. थंडीत सूर्य तिकडे कलतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझ्यावर ऊन पडेनासे झाले.

विठोजी गार पाण्याने अंघोळ करू लागले. खोकला छातीत उतरला, डॉक्टरांनी बजावले, तरी ते गिझरला तयार होईनात. कौशल्याबाई रडल्या, तेव्हाही नाही.

मग एकदा ते लग्नासाठी तंजावरला गेले. त्याच दिवशी कौशल्याबाई नळकाम करणाऱ्या शिवाप्पाला घेऊन गच्चीवर आल्या. न्हाणीघराच्या माळ्यावर गिझर बसवून तो माझ्याच नळाला जोडायचे ठरले.

"अक्का, अण्णांना कळलं तर?"

"माळ्यावर ते चढत नाहीत."

"आणि करंटचं बिल?"

"माझ्या मोबाइलवर येतं. तू स्वल्प गप्प राहा, म्हणजे झालं."

त्यानंतर विठोजींच्या अंघोळीआधी त्या हळूच बटण दाबू लागल्या. नळातून त्यांचा आनंदी आवाज वर आला, "बघ कौशल्या, एवढी भिंत, तरी ऊन कुठून तरी पोचतंच!"

"पोचतं हो," त्या म्हणाल्या.

माझी टाकी गारठलेली होती. पण खोकला थांबला. मला जीभ असती, तरी मी बोललो नसतो.

यंदा कौशल्याबाईंचे गुडघे जिना चढेनात. सणाच्या आदल्या संध्याकाळी हळदकुंकू घेऊन विठोजी स्वतःच वर आले. माळ घालताना त्यांचा हात माझ्या नळाला लागला. त्यांनी तो तिथेच ठेवला. मग टाकीवर तळवा टेकवला, तीही गारच. मग बराच वेळ त्या भिंतीकडे पाहिले. इंजिनिअर माणूस, त्यांना आणखी काही विचारावे लागले नाही. त्यांनी माझ्या गार पत्र्यावर नीट कुंकू लावले आणि जिन्याचा कठडा धरून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळातून कौशल्याबाईंचा आवाज आला, "अहो, पाणी कसं आहे?"

नुसताच तांब्याचा आवाज येत राहिला.

"छान तापलंय," शेवटी विठोजी म्हणाले. "उन्हाचंच आहे."

मित्रांनो, घरावर मजला चढवण्याआधी एकदा शेजारच्या गच्चीवर उभे राहा. तुमची सावली कुठवर येईल, ते तिथून दिसते. तिथे कुणाचे तरी पाणी तापत असते.