चौकटीतले एकतीस

शंख तळहातावर उलटा पडला आहे आणि त्याच्या तोंडाला झाकण नाही... नखाएवढा काळा शंख, वरून कसा तुकतुकीत, आणि आत नुसती वाळू. मधुराने तो शरदचंद्रांच्या हातावर ठेवला आणि चौकटीतला दुसरा उलटवला. तोही पोकळ. मग तिसरा.

"काका, तुम्ही उलटवून बघत नव्हता?"

उलटवून? — वरळीच्या या खडकावर ओहोटीला प्लास्टिकची हातभर चौकट टाकायची, आतले जीव मोजायचे, तक्त्यात लिहायचे. तीन हिवाळे ते गिरगावातून सकाळच्या बसने येऊन हेच करत होते, आणि पस्तीस वर्षं कचेरीत आकड्यांत काढलेल्या माणसाला मोजायला काय शिकवायचं, म्हणून पहिल्या दिवशी ही पाहणी चालवणारी मधुरा सगळ्या हौशी मोजणाऱ्यांना समजावत होती तेव्हा हे पेन्सिलीला टोक काढत बसले होते. अतिशहाणा मेला! झाकण असेल तर जिवंत, नसेल तर रिकामा — एवढंच तर सांगत होती ती. उलट बाकीची मंडळी शंख उचलायची तेव्हा हे त्यांच्यावर करवादायचे, की झोपलेल्याला उठवू नये, पाप लागतं. हे आईचं. दुपारी घरात कोणी आडवं झालं असलं की आई भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही.

मधुराने ओणवं होऊन सगळे उलटवले. एकतिसांतले जिवंत निघाले चार. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, मागची तीन वर्षंही असंच का, आणि त्यांनी हो म्हणून मान हलवली. या खडकावरून समुद्र अडवायची भिंत जायची होती; ती थांबावी म्हणून मधुराची धडपड होती. इथे अजून जीव आहे, असं तिने ज्या अहवालात लिहिलं होतं त्यातले या कोपऱ्याचे सगळे आकडे शरदचंद्रांचे, आणि अहवाल सोमवारी द्यायचा होता.

त्यांनी हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. म्हणजे तीन वर्षं मी मेलेले मोजले. नीट, रेघा आखून, सुवाच्य अक्षरात...

आणि नको नको म्हणताना ती दुपार आठवली. शकू, माझी बायको, जेवून आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेली. साडेतीनला मी दोघांचा चहा केला, तिच्या कपावर बशी झाकली, पेपर उघडला. एक बातमी तिला वाचूनसुद्धा दाखवली, हलक्या आवाजात — झोपेत ऐकू गेली तर गेली. सहाला देवापाशी दिवा लावायचा म्हणून खांद्याला हात लावला... डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच तास झाले असावेत. मी सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली, भाग्याची. लोकही हो म्हणाले. पण सहातून अडीच तास गेले की उरतात साडेतीन — आकड्यांत हयात गेलेल्या माणसाने ही वजाबाकी चार वर्षांत एकदाही करू नये? चहा ठेवताना नुसता हात लावला असता तर...

"काका, बसा जरा," मधुरा म्हणाली. "मागचं मी बघते. जुने आकडे अहवालातून काढावे लागतील. आज खरं तेवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. चार. पेन्सिलीचं टोक मोडलं.

पाणी परतायला अजून अर्धा तास होता आणि एक चौकट राहिली होती. त्यांनी ती टाकली. कपारीत एक शंख चिकटून होता, निवांत. शरदचंद्रांनी बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं, कारण हा रिकामा निघेल याची त्यांना भीती नव्हती. जिवंत निघाला तर? म्हणजे हात लावला की कळतं. एवढंच करायचं होतं, त्या दुपारीही.

बोट तसंच राहिलं, शंखापासून दोन अंगुळांवर, आणि मागून मधुरा विचारत होती, काका, झाला का मोजून.