धुराच्या जागी झाड

शेजारच्या म्हाताऱ्या अन्सेल्मने कुंचला पांढऱ्यात बुडवला आणि चित्रातल्या घाणीघराच्या धुराड्यावर धुराची एक वळणदार रेघ ओढली. दुधाची कासंडी घेऊन मागे उभी असलेली ओक्तावी चटकन पुढे सरकली.

सफरचंदं पिळायची ती घाणी चालते पानगळीत. आत्ता बाग नुसती फुलांनी लगडलेली. या दिवसांत तिथे चूल कोण पेटवणार? तिचा रेमी. जर्मन लोक तरण्या पोरांना आपल्या कारखान्यात राबायला पकडून नेतात, म्हणून पळालेला तिचा लेक घाणीघरात लपला होता, आणि पोराला गारठा सोसवत नव्हता.

"बाबा, तेवढा धूर पुसा की."

"का गं? दिसतोय तो काढला. या वयात खोटं काढू होय?"

"पुसा म्हणते ना!"

अन्सेल्मने वळून पाहिलं. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तो काही विचारणार, तोच फाटक करकरलं. तिच्याच घरात मुक्काम ठोकून बसलेला जर्मन अधिकारी टिडेमान आत येत होता. म्हाताऱ्याने कुंचला गुलाबीत बुडवला. भराभरा गुलाबी-पांढरे ठिपके पडले आणि धुराचं फुललेलं झाड झालं.

"सुरेख!" टिडेमान म्हणाला. "आमच्या गावीही अशाच बागा. माझ्या वडिलांचीही एक आहे." त्याने चित्र पाहिलं, मग बाग पाहिली. "हे झाड मात्र मला कुठे दिसत नाही."

"जागा मोकळी दिसली की हात शिवशिवतो, साहेब."

टिडेमान हसला नाही. घाणीघरावरचा खरा धूर शांतपणे वर चढत होता. कासंडीतलं दूध ओक्तावीच्या पायांवर हिंदकळलं. आता हा शिपायांना हाक मारणार, असं तिला वाटलं.

"मादाम, हिवाने फुलं करपू नयेत म्हणून धूर करता ना?"

तिने कशीबशी मान हलवली.

"मग रात्री करा. हिव रात्री पडतं. दिवसाचा धूर लांबून दिसतो."

टोपी नीट करून तो बाहेर पडला. फाटक पुन्हा करकरलं.

"बघतेस काय? जा, विझव जा!" म्हातारा कुजबुजला.

"आणि मी कुठे धावते, तेच बघत तो कुंपणाआड उभा असला तर?"

अन्सेल्मने कुंचला उचलला आणि तो त्या झाडाला आणखी फुलं काढत राहिला.