स्क्रूवरचा लाल ठिपका

डॉक्टरांच्या हिरव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. तो ब्रेकच्या कामाला आला होता, पण पुढच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू त्याने ठेवला होता तसा राहिला नव्हता. मागच्या खेपेला स्क्रूच्या डोक्यावरची खाच आडवी होती, आता ती चांगली तिरकी झाली होती. असा स्क्रू आपणहून फिरत नाही, त्याच्याखाली घट्ट स्प्रिंग असते. म्हणजे कुणाचा तरी हात लागला होता.

"डॉक्टर, तुम्ही काही केलंत का हो इथे?"

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातलेल्या माणसाला कुठेही हात घालायची सवय असणार, असा मिस्त्रीचा कयास होता.

"मी फक्त पुसतो," डॉक्टर म्हणाले. "गाडी छान चालतेय. मी कशाला हात लावू?"

गाडी छान चालतेय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी विषय सोडून दिला असता. मिस्त्रीला त्यातही काळंबेरं दिसलं. आज छान चालते, दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह जळतील, आणि मग नाव कुणाचं खराब होईल? त्याने स्क्रू परत आपल्या मनाप्रमाणे लावला आणि घरी जाईपर्यंत कुणाशी बोलला नाही.

नाव हेच त्याचं भांडवल होतं. त्याला गॅरेज नव्हतं. एक व्हॅन होती, तिच्यात हत्यारं, जॅक आणि तेलाचे डबे. जुन्या स्पोर्ट्स गाड्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या दारात जाऊन तो त्या दुरुस्त करायचा. दोन सीटच्या, जमिनीला टेकलेल्या, मालकाला पाय लांब करून बसायला लावणाऱ्या गाड्या. नखरे असे की नव्या नवरीने शिकावेत. या गाड्यांचे मालक सगळे एकमेकांना ओळखतात, सुट्टीच्या दिवशी एकत्र जमतात आणि गाड्यांखेरीज कशावर बोलत नाहीत. मिस्त्रीचा हात गेला, असं एकाने म्हणायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत व्हॅन दारात उभी राहिली असती ती कायमची.

आणि त्याचं नाव ज्या एका कामामुळे झालं होतं, त्याच कामात कुणीतरी बोट घालत होतं. या गाड्यांना दोन कार्ब्युरेटर असतात, एक पुढच्या दोन सिलिंडरांना आणि एक मागच्या दोघांना हवा-पेट्रोल देणारा. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरतं, धूर सोडतं आणि ऐन चौकात बंद पडतं. बाकीचे मेकॅनिक त्यासाठी मीटर लावतात. मिस्त्री आपल्या उस्तादांची रीत सोडायला तयार नव्हता. दोन रबरी नळ्या घ्यायच्या, एकेका नळीचं टोक एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरी टोकं दोन्ही कानांत. हवेची सूं ऐकायची आणि ती बरोबर डोक्याच्या मध्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहून, डोळे मिटून तो हे करायचा तेव्हा मालक लोक श्वास रोखून बघत बसायचे. त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

पुढच्या आठवड्यात फुलांचं दुकान असलेल्या बाईंच्या गाडीतही तोच प्रकार निघाला. तोच पुढचा कार्ब्युरेटर, तशीच फिरलेली खाच. डॉक्टर आणि फुलवाल्या बाई एकमेकांचे शेजारी नव्हते की नातेवाईक नव्हते. दोन्ही गाड्यांपाशी पोचलेली माणसं दोनच होती. एक तो स्वतः आणि दुसरा त्याच्या बायकोचा भाऊ.

मेव्हणा सहा-सात वर्षं त्याच्याबरोबर होता. चाळिशीतला, कमी बोलणारा, हाताने साफ. व्हॅनमध्ये शेजारी बसून यायचा. मिस्त्रीचं काम संपलं आणि तो मालकाशी गप्पा मारायला लागला, की शेवटचं सगळं मेव्हणा करायचा. फिल्टर बसवायचे, हत्यारं पुसून पेटीत ठेवायची, बॉनेट लावायचं. म्हणजे शेवटचा हात त्याचाच.

एकदा संशय शिरला की माणसाला पुराव्यांची ददात पडत नाही. हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजच्या मालकाशी मेव्हणा बोलत उभा असलेला मिस्त्रीने दोनदा पाहिला होता. आता त्याचा अर्थ लागला. मग एकदा पान्हा शोधताना त्याने मेव्हण्याच्या पिशवीत हात घातला, तर हवा मोजायचं कोरं करकरीत मीटर हाती आलं. मिस्त्रीच्या व्हॅनमध्ये मीटर, हे म्हणजे घरात राहून घर फोडणं झालं. स्वतःचा धंदा काढायची तयारी चालली होती, दुसरं काय? आधी माझं काम नासवायचं, मग गिऱ्हाइकांना म्हणायचं, दाजींचा हात गेला, आता मला बोलवा.

घरी तर कळसच. मेव्हणा जेवायला आला की भाऊ-बहीण स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलत बसायचे. मिस्त्री आत गेला की गप्प.

"काय कुजबुजता रे दोघं?"

"कुजबुजत कुठे? नेहमीसारखंच बोलतोय," बायको म्हणाली, आणि भावाकडे बघितलं. ते बघणं मिस्त्रीने बरोबर टिपलं.

"ताई, सांगू का?" मेव्हणा म्हणाला.

"जेव आधी," ती म्हणाली.

मिस्त्रीला त्या रात्री धड झोप लागली नाही. धंद्यात दगाफटका झाला तर माणूस सावरतो, पण बायकोच्या माहेरचंच माणूस केसाने गळा कापायला निघालं, तर दाद मागायची कुणाकडे? त्याला राग आला होता, आणि खरं म्हणजे रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. मेव्हण्यावर त्याचा जीव होता.

सकाळी त्याने बायकोच्या कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली. डॉक्टरांच्या गाडीचं तेल बदलायचं होतं. तेल झाल्यावर त्याने मुद्दाम नळ्या काढल्या, दोन्ही कार्ब्युरेटर लावले आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, अर्धा डोक्यावर, अर्धा बाजूच्या धातूवर. स्क्रू केसभर फिरला तरी ठिपका तुटणार. मग "हात धुऊन येतो" म्हणून तो घरात गेला आणि डॉक्टरांच्या मोरीच्या खिडकीची काच दोन बोटं सरकवून उभा राहिला.

मेव्हण्याने घराकडे एकदा पाहिलं. पिशवीतून मीटर काढलं. मग बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन तो पुढच्या कार्ब्युरेटरवर वाकला.

मिस्त्री ओल्या हातांनीच बाहेर आला. मागोमाग डॉक्टर आले, हातात चहाचे कप घेऊन.

"रंगेहाथ सापडलास," मिस्त्री म्हणाला. "बोल आता. कुणाच्या सांगण्यावरून करतोस हे?"

मेव्हणा सरळ उभा राहिला. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"बोल की. माझं काम बिघडवत होतास की नाही?"

"तसं समजा, दाजी."

"समजा काय? डॉक्टरांसमोर सांग."

"काही सांगायचं नाही मला." त्याने मीटर पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकातून चालत निघून गेला. मिस्त्रीने तुटलेला ठिपका डॉक्टरांना दाखवला, मेव्हण्याचा मागच्या सात पिढ्यांसकट उद्धार केला आणि स्क्रू पुन्हा आपल्या कानांनी लावून दिला. वर नवा ठिपका. बायको त्या संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, "त्याला विचारलंत का, की नुसतं सुनावलंत?" मग तिने बोलणंच टाकलं.

मेव्हणा गेल्यावर आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. चारच दिवसांत डॉक्टरांचा फोन आला. गाडी हादरत होती, काळा धूर टाकत होती आणि सिग्नलला बंद पडून मागच्या लोकांच्या शिव्या खाऊन आली होती. फुलवाल्या बाईंनी तर फोनही केला नाही. मिस्त्रीने परवाच एकट्याने लावून दिलेली त्यांची गाडी त्याला जाता जाता हमरस्त्यावरच्या गॅरेजात उभी दिसली.

तो डॉक्टरांकडे पोचला तो डोक्यात एकच धरून. मेव्हणा येऊन गेला असणार. डॉक्टर शपथेवर सांगत होते की गाडीच्या शेडला कुलूप होतं. मिस्त्रीने मागच्या खिडकीची कडी हलवून पाहिली, खिडकीखालची माती तपासली. मग बॉनेट उघडलं. लाल ठिपके जसेच्या तसे होते, कुठेही तडा नव्हता.

क्षणभर तो गांगरला, पण संशय असा हार मानत नाही. नेलपॉलिश कुणाचं? बायकोचं. बाटली कुठे? परत कपाटात. बहिणीने भावाला बाटली दिली, त्याने स्क्रू फिरवून नवे ठिपके दिले, झालं. दोघं मिळून आपल्याला देशोधडीला लावायला निघालेत.

त्याने नळ्या काढल्या. पण नेहमीच्या जागी, गाडीच्या डाव्या बाजूला, उभंच राहता येईना. डॉक्टरांनी आपल्या जुन्या दवाखान्यातली दात काढायची खुर्ची आणून नेमकी तिथे ठेवली होती, आणि ती दोघांनाही हलेना. शेवटी मिस्त्री उजव्या बाजूने इंजिनावर आडवा झाला आणि तिकडूनच नळ्या लावल्या. पुढच्या कार्ब्युरेटरची नळी या वेळी उजव्या कानात आली.

आवाज असा आदळला की तो दचकला. पुढचा कार्ब्युरेटर मोकाट सुटल्यासारखा हवा ओढत होता. मागच्याची जेमतेम चाहूल. "बघा," तो डॉक्टरांना ओरडून म्हणाला, "पुढचा किती उघडून ठेवलाय बघा."

किती उघडलाय हे नीट कळावं म्हणून त्याने नळ्यांची अदलाबदल केली. पुढच्याची नळी डाव्या कानात, मागच्याची उजव्या.

आवाज डोक्याच्या मध्यावर येऊन थांबला. जसा त्याने लावला होता तसा, अगदी बरोबर.

त्याने पुन्हा नळ्या बदलल्या. पुन्हा गर्जना, उजव्या कानात. मग दोन्ही नळ्या त्याने आळीपाळीने एकाच कार्ब्युरेटरला धरून पाहिल्या. उजव्या कानात सूं होती. डाव्या कानात, खूप लांबून कुणी फुंकर घालावी तेवढंच काहीतरी. इंजिन चालू होतं आणि मिस्त्री नळ्या कानात ठेवून त्यावर तसाच पडून राहिला. शर्टाला चटका बसला तेव्हा तो उठला.

डावा कान गेला होता. कधीपासून कोण जाणे. बहिऱ्या कानाला सारखं ऐकू यावं म्हणून तो पुढचा कार्ब्युरेटर दर वेळी जास्त उघडून ठेवत होता, आणि दर वेळी मागाहून कुणीतरी तो जागेवर आणत होतं. गाड्या छान चालत होत्या त्या त्यामुळे.

"काय हो?" डॉक्टर जवळ आले. "पुन्हा तुमच्या मेव्हण्याचीच करामत ना?"

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना कळणार होतं. कानावर चालणारा मिस्त्री आणि कानच नाही.

"हो," तो म्हणाला. "त्याचीच."

मेव्हणा एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मिस्त्री जिना चढून गेला तेव्हा तो बूट घालत होता. हमरस्त्यावरच्या गॅरेजचा निळा शर्ट अंगावर होता.

"लागलास तिकडे?"

"ते केव्हापासून बोलवत होते. मी नाही म्हणत होतो." मेव्हण्याने नाडी बांधली. "आता हो म्हटलं."

"तुला माझ्या कानाचं ठाऊक होतं?"

"वर्षभर तुमच्या डाव्या हाताला बसून बोलत होतो, दाजी. तुम्ही उत्तरच देत नव्हता. आधी वाटलं रागावलात. मग ताईला विचारलं, तर ती म्हणाली, माझंही तसंच आहे. तुम्हाला सांगायचं कसं, एवढंच ठरत नव्हतं आमचं."

"आणि ठिपका? दिसला नव्हता?"

"दिसला. रंगही ओळखला, ताईचा आहे तो. पण तशीच सोडली असती तर डॉक्टरांची गाडी भर रस्त्यात बंद पडली असती."

मिस्त्री दारात उभाच होता. खाली लाँड्रीत यंत्रं घरघरत होती.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी एवढं नाही नाही ते बोललो. एक शब्द सांगायचास."

मेव्हण्याने नवल वाटल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "डॉक्टर उभे होते ना समोर."

मिस्त्री म्हणाला, "आज त्यांनी मला विचारलं, हे मेव्हण्यानेच केलं का. मला सगळं कळलं होतं तेव्हा. तरी मी हो म्हणालो."

मेव्हण्याने दुसऱ्या बुटाचीही नाडी बांधली. मग उठला, दाराला कुलूप लावलं आणि जिना उतरायला लागला. मिस्त्री त्याच्या मागोमाग खाली आला आणि त्याने व्हॅनचं दार उघडलं.

"बस. डॉक्टरांकडे जायचंय."

"कशाला? जाऊ द्या, दाजी. सांगितलंत तर धंदा बसेल तुमचा. मला काय, मी आता तिकडे लागलोय."

हे बोलताना तो मिस्त्रीच्या डाव्या हाताला उभा होता. लाँड्रीच्या घरघरीत मिस्त्रीला नुसते ओठ हललेले दिसले. त्याने किल्ली काढून मेव्हण्याच्या हातात ठेवली आणि स्वतः वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"तू चालव," तो म्हणाला. "मी चालवायला बसलो की तुझं बोलणं मला ऐकू येत नाही."