पहिल्या डब्याची विभूती

दीपे, तू आधी तो चहा खाली ठेव अन् नुसतं ऐक. मधी बोलू नको, तू बोललीस की माझं पुढचं-मागचं व्हतंय. अन् माझ्या कपाळाकडं बघून हसू नको, त्याच्यावरच येतेय मी.

तुला म्हायतीय ना, मालधक्क्यावर शरणबसप्पा अप्पांकडं मी महिना झालं लागलीय. अप्पा म्हणजे हुंडेकरी, कारखान्यांची साखर रेल्वेत भरून पाठवायचं काम त्यांचं. अन् माझं काम काय, तर गाडी भरली की वही घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं अन् डब्यांचे नंबर लिहायचे. बेचाळीस डबे, एकेकावर अकरा इंग्रजी आकडे. अप्पा म्हणले होते, महिनाभर बघतो, मग ठरवतो. तो महिना आज संपला! ठेवलं तर ठेवलं, न्हायतर संध्याकाळी पाचच्या एसटीनं गावी, परंड्याला, अन् हिंमतराव काकाचं झेरॉक्सचं दुकान. जन्मभर लोकांची आधार कार्डं उलटी-पालटी करत बसायचं.

आता नंबराचं ऐक, सोपं हाय. पहिले दोन आकडे डबा कसला ते सांगतात. पुढचे दोन, कुठल्या रेल्वेचा. पुढचे दोन, कुठल्या साली बनला. मग चार त्याचे स्वतःचे. अन् शेवटचा, अकरावा, तो लई चुगलखोर. आधीच्या दहा आकड्यांच्या गुणाकार-बेरजेतून तो येतोय, म्हणून मधला एक जरी चुकीचा लिहिलास की हा लगेच रेल्वेच्या मालबाबूला सांगतोय.

बरं. आज ह्या हंगामाची पहिली गाडी. म्हणून नीलम्मा काकू, अप्पांच्या मालकीणबाई, ताट घेऊन हजर. नारळ फुटला, उदबत्ती लागली. अप्पांनी विभूतीत तीन बोटं बुडवली अन् पहिल्या डब्यावर ओढले तीन पट्टे. कुठं? नेमके नंबरावर!

म्या म्हणलं, "अप्पा, शेजारी एवढा पत्रा मोकळा हाय की."

तर म्हणले, "पोरी, विभूती कुठं लावतात?"

"कपाळाला."

"नशीब कुठं लिहिलेलं असतंय?"

"कपाळाला."

"मग डब्याचं लिहिलेलं कुठं हाय?"

मी वही काढली अन् लिहीत सुटले. बाकीचे आकडे पट्ट्यांमधून दिसत होते. सहाव्यावर मात्र विभूतीचा हा एवढा थर बसलेला, खाली नुसती काठी. म्या लिहिला एक. तेहतीस, दहा, अकरा, अठ्ठावीस चव्वेचाळीस, तीन. बेचाळीस डबे संपवले अन् यादी मालबाबूंच्या टेबलावर टाकली.

बाबूंनी कॉम्प्युटरवर टाकायला घेतलं. पहिल्याच नंबराला ट्याँव.

"मॅडम, असा डबा भारतात न्हाय."

"बाहेर हुबा हाय की साहेब!"

"तुमच्या धक्क्यावर असंल. कॉम्प्युटरमधी न्हाय. नंबर नीट बघून या, त्याशिवाय गाडी सुटत न्हाय."

तिकडं इंजिन लागून तयार, ड्रायव्हर खिडकीतून शेंगा खातोय. म्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे मिळवायचे, त्याला तीननं गुणायचं, राहिलेले त्यात घालायचे, अन् पुढच्या दहाच्या पटीला जेवढं कमी पडतंय तो शेवटचा आकडा. माझे भरले एकोणसाठ. साठाला एक कमी. डब्यावर तर तीन! मग त्या एकाच्या जागी सात घालून बघितला. सत्त्याहत्तर. ऐंशीला तीन कमी. बसलं की गं! मी तिथंच उडी मारली.

अप्पांना जाऊन सांगितलं, "अप्पा, तो एक न्हाय, सात हाय. डबा अकरा सालचा न्हाय, सतरा सालचा हाय."

"म्या विभूती लावायच्या आधी ह्या डोळ्यांनी बघितलाय. एकच हाय."

"बेरीज सात म्हणतीय."

"तुझी बेरीज माझ्यापेक्षा जुनी हाय का?"

बाबू म्हणले, "मला दोघांचंबी नको. डब्यावर डोळ्यानं वाचून सांगा."

"मग पुसूया जरा," म्या म्हणलं. दीपे, असं काय बघितलं गं अप्पांनी! "पहिल्या गाडीची विभूती गाडी हलायच्या आधी पुसायची? जो हात लावंल त्यानं उद्यापासून ह्या धक्क्यावर पाऊल टाकायचं न्हाय."

हमालांचे मुकादम लिंबाजी मामा हळूच म्हणले, "अगं खुळे, नंबर पलीकडच्या अंगालाबी असतोय की."

मला आधी का सुचलं न्हाय! पळाले, इंजिनाला वळसा घालून, खडीतून ठेचकाळत. जाऊन बघते तर तिकडं सगळाच नंबर गायब. शेणानं भिंत सारवावी तशी विभूती सारवलेली! नीलम्मा काकूंनी लिंबाजी मामाकडून स्टूल लावून घेतलेलं सकाळीच.

तशीच माघारी धक्क्यावर पळत आले. "काकू, हे काय?"

"ह्यांनी एकाच बाजूला लावलं ना गं. गाडी एका अंगाला कलंडली म्हंजे?"

आता बोल. बेचाळीस डब्यांची गाडी, हजारो पोती साखर, अन् सगळं अडलंय एका सातावर. इंजिननं शिट्टी दिली. बाबू घड्याळ दाखवतायत. माझ्या डोळ्यांपुढं झेरॉक्सचं मशीन.

अन् काय सुचलं कुणास ठाऊक, मी चप्पल काढली, डब्यापुढं हात जोडले अन् म्हणलं, "अप्पा, आज माझा शेवटचा दिवस. जायच्या आधी विभूती घेऊ का कपाळाला?"

विभूतीला न्हाय कसं म्हणतील ते? म्हणले, "घे की. भक्तीला कोण अडवतंय?"

म्या बोट बरोबर सहाव्या आकड्यावर फिरवलं अन् कपाळाला लावलं. थर लई जाड गं, अजून काठीच दिसतीय. म्हणलं, "आईच्या नावानं." दुसरं बोट. "धाकट्या भावाच्या, शंभूच्या नावानं, त्याची परीक्षा हाय." तिसरं. "हिंमतराव काकाच्या नावानं." चौथं, पाचवं.

अप्पा म्हणले, "काकाला दोन बोटं?"

"टक्कल हाय अप्पा, कपाळ मागंपर्यंत हाय."

तेवढ्यात लिंबाजी मामांच्या ध्यानात आलं. डोक्याचा रुमाल काढला अन् माझ्या मागं हुबे राह्यले. त्यांच्या मागं सगळे हमाल, रांग लावून. पण सगळ्यांना विभूती त्याच जागची पायजे, बाकी पट्ट्यांना कुणी बोट लावंना! सातवा माणूस बाजूला झाला अन् वर आडवी रेघ निघाली. लख्ख सात. मालबाबू चष्मा वर करून ओरडले, "सात!" अन् आत पळाले. घेतला कॉम्प्युटरनं!

अप्पा डब्याजवळ आले, डोळे बारीक करून बघितलं.

"एकच हाय," म्हणले. "टोपी घातलेला."

गाडी हलली. बाकीचे पट्टे जागच्या जागी, काकूंनी हात जोडले, सगळे खूश. मी आपली हळूच पिशवी उचलायला गेले तर अप्पांनी हाक मारली. जवळ काकू हुब्या, मागं सगळे हमाल, सगळ्यांची कपाळं पांढरी.

"सृष्टी. खरं सांग. भक्तीनं घेतलीस का नंबरासाठी?"

दीपे, 'भक्तीनं' हे माझ्या ओठापर्यंत आलं होतं. आईशप्पथ. पण कपाळावर एवढी चार माणसांची विभूती थापलेली, अन् तिच्याखालून खोटं कसं बोलायचं गं? म्या म्हणलं, "नंबरासाठी, अप्पा."

अप्पा काकूंकडं बघतायत, काकू पदर तोंडाला लावून हसतायत. मग अप्पा म्हणले, "सोमवारी सातला ये. टोपी घातलेल्या सातला." अन् निघून गेले!

आता लिंबाजी मामा म्हणतायत, येडी हाईस, भक्तीनं म्हणली असतीस तर पगार वाढला असता. मी इथवर चालत येईपर्यंत तेच डोक्यात घोळतंय. तू खरं सांग दीपे, कपाळभर विभूती, म्होरं अप्पा, अन् पाचची एसटी स्टँडवर लागलेली. तू काय म्हणली असतीस?